मुठीएवढं भोक

डासाला भिणारी माणसं मी लई पाहिली. पण डासानंच ज्याला भिऊन गाव सोडावं असा माणूस साऱ्या फुलंब्री तालुक्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला इवाई म्हणून आला. इवाई म्हणजे व्याही. माझ्या सुनेचे वडील. मी शेंद्र्याचा, चौथीत शाळा सोडलेला, आणि कुणाचं ऐकून घ्यायची सवय नसलेला माणूस. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं चूक कुणाची ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत पक्कं आहे, फक्त हल्ली ते मला एकट्यालाच सांभाळावं लागतं.

पहिली ठिणगी लग्नातच पडली. रुखवत मांडलेलं. शेवया, कुरडया, करंज्यांचा डोंगर, लोकरीचा ससा, आणि मधोमध, जिथं एखादी समई शोभावी तिथं, लाल फितीनं बांधलेली मच्छरदाणी. आमच्याकडच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. माझा चुलता कानाशी लागला, की पोरीचा बाप तुझ्या घराला डबकं म्हणतोय. झालं, मी पंगतीला बसायचंच नाकारलं. वरबाप रुसला म्हटल्यावर सगळे धावत आले. इवाई मात्र सावकाश आले, हात जोडले आणि म्हणाले, "मान तुमचा, इवाई. पण ह्यो ससा काय माझ्या लेकीला डासापासून राखणार नाय." ससा खरंच काही कामाचा नव्हता, म्हणून मी जेवलो.

त्यांच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी. तीत मच्छरदाणी, सुतळी, चार खिळे आणि हातोडी. माणूस मुक्कामाला गेला की आधी पाय धुतो. हे आधी भिंत ठोकून बघायचे. नव्या रंगाच्या भिंतींपायी त्यांची कितीतरी नाती ताणली गेली. दौलताबादला एका लग्नात भिंत मिळाली नाय, तर मांडवाच्या चार बांबूंना दोऱ्या बांधून आत मुक्काम टाकला. उजाडताना एका म्हातारीला वाटलं, आत कुणी महाराज बसलेत. तिनं बाहेरूनच हळदकुंकू वाहिलं. इवायांनी आतून आशीर्वाद दिला आणि वर सांगितलं, "माय, जाळीला हात लावला असंल तर धुऊन घे, औषध हाय."

मच्छरदाणी धुणं हे तर त्यांचं व्रत. दगडावर आपटायची नाय, पावडरीत भिजवायची नाय. अंगाच्या साबणानं, हलक्या हातानं धुवायची आणि वाळवायची सावलीत, कारण उन्हानं औषध मरतं. एकदा शेजारणीनं ती भर उन्हात दोरीवर टाकली, तर हे छत्री घेऊन दोरीशेजारी उभे राहिले. छत्री मच्छरदाणीवर, स्वतः उन्हात. लोकांच्या मच्छरदाण्यांची दोन पावसाळ्यांत चाळण होते. यांची जुनी झाली तरी दर पावसाळ्याआधी दवाखान्यात नेऊन औषधात बुडवून आणायचे. भोक दिसलं की शिवायचे, तेही हाताला येईल त्या रंगाच्या दोऱ्यानं. पांढऱ्या जाळीवर लाल, हिरवे, पिवळे टाके. विचारलं की एकेक दाखवायचे: हे मांजरीचं, हे बाजेच्या ढलपीचं, हा पिवळा दोरा लेकीच्या लग्नातल्या साडीला फॉल लावला त्यातला. लोक पाहुण्यांना फोटो दाखवतात, हे मच्छरदाणी उलगडायचे.

भोकांची त्यांच्याकडं प्रतवारी होती. अंगठा जाईल ते अंगठ्याचं. ते घरात कुणीही शिवावं. मूठ जाईल ते मुठीचं; त्याला जाळीचंच ठिगळ लागतं आणि जाणता हात. डोकं जाईल ते डोक्याचं. तिथं आधी घरातल्या कर्त्या माणसाचं डोकं तपासावं. वर्षातून दोनदा ते आमच्याकडं येऊन लेकीची मच्छरदाणी तपासायचे. माझी बाज ओसरीवर, उघडी. मी म्हणायचो, माझं रक्त कडू आहे, डास तोंड लावत नाय. ते म्हणायचे, "डासाला चव नसती इवाई, भूक असती." मग दिवेलागणीपर्यंत आम्ही चहावर चहा पीत भांडायचो. भांडायला इतका चांगला माणूस मिळणं ही केवढी चैन असते, हे मला तेव्हा कळलं नाय.

एका वर्षी त्यांनी खास माझ्यासाठी म्हणून नवी मच्छरदाणी आणली. मी ठेवून घेतली आणि त्यांची पाठ फिरल्यावर मेथीच्या वाफ्यावर पांघरली. चिमण्या, कोंबड्या, सगळ्यांपासून मेथी वाचली. तशी मेथी मी जन्मात खाल्ली नव्हती. पण नातीच्या बारशाला इवाई आले ते परसाच्या दारानं. पाहुणे परसातच बसलेले. हे वाफ्याजवळ उकिडवे बसले, जाळीच्या भोकात अंगठा घातला, मग दुसऱ्या भोकात मूठ, मग एक मोठं भोक बघून चक्क डोकं घातलं. आणि डोकं आत ठेवूनच विचारलं, "इवाई, मेथीला हिवताप येतो का?"

पाहुणे खो खो हसले. दुसऱ्याचं परस असतं तर मीही हसलो असतो. पण माझ्या घरी, माझ्या माणसांपुढं? मी म्हणालो, "लेक दिली म्हणून माझ्या घरात हुकूम सोडू नका. माझी मच्छरदाणी मी मेथीवर टाकीन, नायतर म्हशीवर." त्यांनी डोकं बाहेर काढलं. केसांत मेथीचं एक पान अडकलेलं. आत जाऊन नातीला पाहिलं, पाळण्यावरची जाळी नीट खोचली, आणि ताटं वाढायच्या आत पिशवी उचलून निघून गेले. याला आता तिसरं वर्ष चाललंय. त्यांनी माझा उंबरा ओलांडलेला नाय. आणि मी वरबाप, मी होऊन कसा बोलावणार?

त्याच पावसाळ्यात मला हिवतापानं धरलं. तीन गोधड्या घातल्या तरी बाज हलत होती. दवाखान्यातल्या आशाताईनं बोटातून रक्त तपासायला नेलं, आणि ते काही कडू नसल्याचं सगळ्या गावाला कळलं. सुनेनं मेथीवरची मच्छरदाणी काढली, बापाच्या रीतीनं धुतली, शिवली आणि माझ्या बाजेवर बांधायला घेतली. बांधता बांधता हळूच म्हणाली, "मामंजी, बाबांची धाकटी बहीण हिवतापानं गेली. दोघं एकाच वाकळंत निजायची. सकाळी बाबा उठले, ती उठली नाय."

इतकी वर्षं माझ्याशी भांडले, पण हे एक त्यांनी कधी पुढं केलं नाय. केलं असतं तर मी पहिल्याच दिवशी हरलो असतो. माझ्या आजारपणात ते भेटायला आले नाहीत. माझ्या पोराच्या हाती फक्त चार खिळे पाठवले, कागदात गुंडाळून. निरोप काही नाय. त्याच खिळ्यांवर आता माझी मच्छरदाणी आहे.

आता मी रोज तिच्या आत निजतो, कडा गादीखाली खोचून, त्यांनी सांगितलं होतं तश्शी. मागच्या महिन्यात उशाकडच्या बाजूला एक भोक पडलं. सून सुई घेऊन आली, तर मी तिला थांबवलं. म्हटलं, बाबांशी बोलशील तेव्हा सहज कानावर घाल. तिनं माझ्यापुढंच फोन लावला आणि सांगितलं. पलीकडून आवाज आला. ते इतक्या मोठ्यानं बोलतात की मला बाजेवर ऐकू आला.

"विचार त्यांना, अंगठा जातो का मूठ?"

"मूठ," मी म्हणालो.

सून माझ्याकडं बघत राहिली. त्या भोकात तिची करंगळी जेमतेम जात होती.

"मुठीचं असंल तर तुझ्याच्यानं नाय व्हायचं," पलीकडून आलं. "डोळ्याची पट्टी निघू दे. मग बघतो."

त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ते मला असं कळलं. फोन ठेवून सून आत गेली आणि मी त्या भोकात मूठ घातली. आपला शब्द खोटा पडता कामा नये.

तेव्हापासून मी भोकावर टॉवेल टाकतो, तरी दोन-चार डास शिरतातच. शिरू देत. सुनेकडून पिवळा दोरा मागून घेतलाय. इवायांना आता सुईचं नाक दिसायचं नाय, म्हणून सुई मीच ओवून ठेवलीय. चौथ्या खेपेला ओवली. भोकाशेजारीच जाळीत टोचून ठेवलीय. ओसरीवरून फाटा दिसतो. दुपारची गाडी थांबली आणि खांद्याला पिशवी लावलेलं कुणी उतरलं की मी बाजेवरून उठून उभा राहतो. वरबापानं उठायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.