हसुरामच्या सायकलीतला तडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिला तर मी नको त्या गोष्टीसुद्धा सांगत आलो आहे. आताही सांगायचं ठरवलं आहे म्हणण्यापेक्षा, न सांगता राहणं जमेनासं झालं आहे, इतकंच.

आधी सायकलींबद्दल सांगतो. ते सोपं आहे.

मी राहतो पेणला आणि तर्कशास्त्र शिकवतो रोह्याच्या एका कॉलेजात. मधला प्रवास रेल्वेचा. पण घरापासून पेण स्टेशन लांब आणि रोहा स्टेशनापासून कॉलेज लांब, म्हणून दोन्हीकडे माझी एकेक सायकल असते. दिवसभर उघड्यावर उभी राहणारी. अशी सायकल चोरालाही नकोशी वाटली पाहिजे — म्हणजे जवळजवळ फुकटात मिळालेली, मोडकी, चारजणांनी वापरून टाकलेली. रोह्याच्या एका सायकलीचं हँडल डावीकडे वळलेलं असायचं आणि चाक सरळ जायचं. तिच्यामुळे मला काही राजकीय पक्ष नीट समजले. दुसरीला ब्रेक नव्हते, चप्पल होती.

रविवारी मुंबईकडून सायकलवाल्यांचे जथे येतात ना — घट्ट कपडे, माशीसारखे चष्मे, मोटारसायकलच्या किमतीची सायकल, आणि वडखळला थांबून वडापावचा फोटो? त्यांच्यावर मी एका दिवाळी अंकात लेख लिहिला. खूप हसले लोक. मग कुणीतरी माझा सत्कार ठेवला. शाल-श्रीफळाची आयुष्यभर टिंगल केलेला मी, शाल खांद्यावरून घसरू नये म्हणून कोपर दाबून बसलो होतो. मागे फ्लेक्सवर माझा एवढा मोठा फोटो, की क्षणभर वाटलं, आपण गेलो की काय. गरजा कमी करा, असं मी भाषणात सांगितलं. टाळ्या पडल्या.

तेव्हापासून लोक विचारतात, सर, इतक्या स्वस्तात सायकली मिळतात तरी कुठे तुम्हाला? मी म्हणतो, नजर लागते.

खोटं नाही ते. फक्त नजर कुठे होती, ते मी सांगत नाही.

नाक्यावर श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागतात, तिथे होती. वर्गात मी त्या फ्लेक्सचीही चेष्टा करायचो — मयताला गॉगल, आणि खाली शोकाकुल म्हणून हसऱ्या चेहऱ्यांची रांग. पण जाता-येता वाचायचो एकूण एक. कारण गेलेल्या माणसाची रोजच्या वापरातली वस्तू घरात ठेवायला लोक कचरतात. तेरावं झालं की गादी निघते, चपला निघतात, छत्री निघते. सायकलही निघते. आणि त्या दिवसांत कुणी भाव करत नाही. आपण जायचं, बसायचं, साखर जास्त झालेला चहा प्यायचा, गेलेल्याबद्दल चार बरे शब्द बोलायचे आणि निघताना, चपला घालता घालता, सहज विचारायचं. घरच्यांना उलट बरं वाटायचं — सर मुद्दाम भेटायला आले. चेहरा मी सरावाने तयार केला होता.

हीच का माझी कबुली? नाही. एवढंच असतं तर मी त्यावरही एक विनोदी लेख लिहिला असता. मी अजून कडेकडेने चाललो आहे, तुमच्या लक्षात आलं असेल.

हसुराम खाडीकाठच्या एका गावचा, धरमतरच्या बाजूचा. आधी मिठागरात, मग डोलवीजवळच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. मी त्याला ओळखत नव्हतो. त्याचा फ्लेक्स नाक्यावर लागला, तेव्हा मी प्रथम त्याचा चेहरा पाहिलाच नाही. फोटो कुठल्या तरी घोळक्यातून कापून घेतलेला होता, आणि छापणाऱ्याने खांद्यामागची सायकल तशीच राहू दिली होती — अर्धं हँडल, घंटी आणि नळीवर पट्टीपट्टीने गुंडाळलेलं प्लास्टिक. खारी हवा लागू नये म्हणून इतकं जपणारा माणूस! लोखंड आत अगदी कोरं असणार, असं मी मनात म्हणालो. माणूस गेला होता, आणि मी नळी बघत होतो.

तेरावं होऊ दिलं आणि गेलो.

अंगणात त्याची बायको गुलाब आणि तिची थोरली जाऊ, दोघी बसल्या होत्या. सायकल भिंतीला टेकलेली. मी माझा चेहरा लावला, कॉलेजातला सर म्हणून ओळख सांगितली, चार शब्द बोललो. मग कळलं की ठेकेदार हसुरामच्या जागी गुलाबला घ्यायला तयार आहे, कँटीनमध्ये. पण पहिली पाळी. कंपनीची बस फाट्यापर्यंतच येते, आणि गावापासून फाट्यापर्यंत नुसता खाडीचा बांध. त्या वेळेला ना एसटी, ना रिक्षा. चालत निघालं तर बस चुकणार.

"म्हणून मी म्हणते, ह्यांची सायकल शिकन," गुलाब म्हणाली.

"ऐका सर, ऐका," जाऊ म्हणाली. "गो, लुगडं चेनीत गेलं म्हणजे कंपनीत जाशील का खाडीत?"

"पोरीचा पंजाबी ड्रेस घालीन."

"आणि त्यो फाटंल त्याचं काय?"

दोघी हसल्या. दुःखाच्या घरातलं ते पहिलं हसू असावं, कारण हसून झाल्यावर दोघींनी एकदम आजूबाजूला पाहिलं. मग गुलाब माझ्याकडे वळली.

"सर, तुमी सायकलींतलं जाणता म्हणतात. जरा बघा ना, माझ्या अंगाखाली टिकंल का?"

तिने मला विचारलं — लक्षात घ्या. मी मत द्यायला गेलो नव्हतो, तिने विश्वासाने मागितलं. मी वाकलो. हँडलच्या खाली, दोन नळ्या जुळतात तिथे, प्लास्टिकची पट्टी जरा सोडवली. आत लोखंड जवळजवळ नवं होतं. रंगावर एक बारीक ओरखडा होता. नखाने घासला तर गेला असता असा.

मी म्हणालो, "ताई, तडा आहे."

दुसरं काही म्हणायची गरजच पडली नाही. त्या गावात मीठ लोखंडाला आतून खातं हे सगळ्यांना ठाऊक. पत्रे, बिजागऱ्या, कड्या — वरून धड दिसतात आणि एक दिवस हातात येतात. दुसऱ्या कुठल्या गावात तिने मला दाखवा म्हटलं असतं, कुणाला तरी बोलावलं असतं. इथे माझं खोटं त्यांच्याच अनुभवात अगदी चपखल बसलं. मला ते माहीत होतं. म्हणून तर तोच शब्द निवडला.

"पण हे तर रोज पुसायचे," ती म्हणाली.

"आतून असतो तो. पुसून कळत नाही."

म्हणजे गेलेल्या माणसाची मेहनतही मी त्याच वाक्यात पुसून टाकली. जाऊ कपाळाला हात लावून म्हणाली, "बघ गो, तुझ्या पोरांचं नशीब." आणि गुलाबने स्वतःच सायकल माझ्याकडे ढकलली. घेऊन जा सर, उगाच कोण तरी पडायचं. मी भंगाराच्या भावाने पैसे देऊ केले. तिने नको नको म्हणत घेतले. बांधावरून मी ती हातात धरून आणली, कारण मोडकी सायकल कुणी चालवत नाही. गाव दिसेनासं झालं तेव्हा बसलो.

मी का बोललो तसं? गरज होती? पेणची माझी सायकल चालू होती. पैसे नव्हते? होते. तर्कशास्त्रात कारण आणि निमित्त यांतला फरक मी दरवर्षी शिकवतो, आणि मला अजून एकच उत्तर सापडलं आहे — ती चांगली सायकल होती, आणि बाईमाणूस ती शिकून चालवेल यावर माझा विश्वास नव्हता. तिच्या हातात ती वाया जाईल, असं वाटलं. एका माणसाच्या आयुष्यातल्या वस्तूबद्दल मी हे ठरवलं. चहा पिता पिता.

बरेच महिने गेले. पेणच्या बाजारात ती दिसली, जवळ्याचे वाटे मांडून बसलेली. मी वळणारच होतो, पण तिने हाक मारली. कंपनीचं विचारलं. ती म्हणाली, गेले ना थोडे दिवस, चालत. बस चुकायची, मग ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं, तुमी आता नका येऊ. रागाने नाही सांगितलं तिने हे. हवापाण्यासारखं सांगितलं. आणि मग शेजारच्या बायकांना म्हणाली, "हेच ते सर. ह्यांनी बघितलं म्हणून, नायतर मी बांधावर मेलीच असती."

बायकांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. एकीने सरकून सावलीत जागा दिली.

माझ्या हातात सायकल तीच होती. गुलाबने हँडल ओळखलं, घंटीवरून हात फिरवला.

"तडा भरलात वाटतं?"

"हो," मी म्हणालो. "वेल्डिंग करून घेतलं."

हे दुसरं खोटं. पहिल्याने त्याला जन्म दिला होता. मला काही करावंच लागलं नाही. पण मी सांगायला बसलो आहे ते हेही नाही.

तिने जवळ्यावरची माशी उडवली. मग म्हणाली की पोरगी आता बारावी झाली, त्याच कंपनीत एका ठेकेदाराकडे हजेरी लिहायचं काम आहे, साहेब हो म्हणालाय. फक्त पाळी तीच. फाटा तोच. नवीन सायकल झेपत नाही. पोरगी म्हणते आये, पप्पांची सायकल असती तर.

"आता भरलीय ना, सर? मंग परत देता का? जे काय लागलं आसंल तुमाला, ते देते मी. थोडं थोडं करून."

बघा. सगळं किती सरळ होतं. एक हो म्हणायचं होतं. पैसे नकोत म्हणायचं होतं. खरं सांगायचीसुद्धा गरज नव्हती — माझं पहिलं खोटं, दुसरं खोटं, सगळं झाकलेलं राहून सायकल तिच्या घरी गेली असती. इतक्या स्वस्तात कुणाची सुटका होत असेल?

पण सायकल तिच्या दारात गेली की कुणीतरी वेल्डिंग बघणार. पट्टी सोडून जोड बघणार. जाऊ बघेल, एखादा दुकानवाला बघेल. आणि तिथे काहीच नसेल — ना तडा, ना टाका. हा विचार माझ्या डोक्यात तिचं बोलणं संपायच्याही आधी आला.

मी सायकलीकडे पाहिलं, काळजीने. मग मान हलवली.

"ताई, भरलेला जोड आहे. कधी सुटेल सांगता येत नाही. तरण्या पोरीला देऊ नका."

तिचा चेहरा आधी पडला आणि मग — हे मी पाहिलं — त्यावर आभार आले. "व्हय," ती म्हणाली. "तुमी सांगता म्हणजे तसंच आसंल." तिने एक वाटा कागदात बांधला आणि माझ्या पिशवीत घातला. मी जवळा खात नाही. नको म्हणालो नाही.

पोरीचं काम झालं की गेलं, मला माहीत नाही. विचारायला मी गेलो नाही. त्या बाजूच्या गल्लीतून जायचंच सोडलं.

त्या दिवशी मात्र तिथून निघायला हवं होतं, आणि सायकल हातात धरून चालत गेलो असतो तर रोह्याची गाडी चुकली असती. म्हणून मी तिच्यासमोरच टांग टाकली. मागून तिची हाक आली, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी.

"सर, हळू चालवा हां! जोडाचं ध्यान ठेवा!"

मी वळून हात केला आणि जोरात पॅडल मारलं.