श्वास घ्या, धरा, सोडा

आमच्या सीटी स्कॅनच्या खोलीत दिवसातून तीस-चाळीस वेळा एक पुरुषी आवाज सांगतो, 'श्वास घ्या. धरा. आता सोडा.' मशीनमधल्या माणसाला तो ऐकू येतो, तसा काचेपलीकडे बसलेल्या मलाही. नऊ वर्षं ऐकतेय. हा आवाज यज्ञेश्वरकाकांचा. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते फिटायचे नाहीत, म्हणून निदान लिहून ठेवते.

मशीन आलं ते इंग्रजी बोलत. आमचं हॉस्पिटल खराडीला. आसपासच्या गावांतली म्हातारी माणसं नुसती छताकडे बघत पडायची. छातीच्या स्कॅनमध्ये श्वास धरला नाही की फोटो पुसट येतो. मी माझा आवाज भरून पाहिला, तर रेशनच्या रांगेत कोणावर तरी खेकसल्यासारखा निघाला. एक आजोबा दचकून उठूनच बसले. मग डॉक्टर म्हणाले, आवाजाचं काम करणारा माणूस आणा.

काका शनिवार पेठेतले, बँकेतून निवृत्त झालेले. निम्म्या पुण्यानं त्यांचा आवाज गणपतीच्या देखाव्यांत ऐकलेला. आले ते गळ्याला मफलर, थर्मासमध्ये कोमट पाणी आणि गालात ज्येष्ठमध घेऊन. हातातला कागद पाहून म्हणाले, "एवढंच? एवढ्यासाठी आपण मला इथवर आणलंत?"

मग त्यांनी 'दीर्घ... श्वास... घ्या' असं काही म्हटलं की वाटावं, आता पडदा सरकून दरबारच दिसणार. मी म्हटलं, "काका, जरा साधं बोलाल का?"

"साधं काय कोणीही बोलतं," ते म्हणाले. मी तो आवाज तसाच मशीनमध्ये चढवला. ते कलाकार आणि मी बटणं दाबणारी.

त्याच दुपारी सोजरबाई आल्या. शेतकरी घरातल्या, सत्तरीच्या. फुप्फुसात गाठ होती आणि ऑपरेशन करायचं की नाही ते या स्कॅनवर ठरणार होतं. फोटो सगळा हललेला आला. मी विचारलं, "आजी, श्वास का नाही धरला?"

"ते बुवा लई ग्वाड बोलत्यात, बाई. ऐकतच ऱ्हायले. धरायचं ध्यानातच न्हाई ऱ्हायलं."

काका बाहेर बाकावरच होते. ऐकून खुलले. माझं मात्र डोकं फिरलं. त्यांना स्क्रीनपुढे उभं केलं आणि म्हटलं, "हा चिखल बघा. गाठ केवढी आहे ते यात दिसत नाही. म्हातारीला सारखं किरणांत घालता येत नाही, डॉक्टर उद्या फक्त एकदाच करू देणार आहेत. उद्याही त्या ऐकतच राहिल्या तर पुढचं सगळं अंदाजानं."

काकांनी वाकून स्क्रीन नीट पाहिला. मग म्हणाले, "मला तिथे झोपवा. मशीन चालवू नका, फक्त मला ऐकवा."

हात डोक्यामागे घेऊन ते झोपले. मी आवाज लावला. उठले ते मफलर काढतच.

"हा गृहस्थ आजींशी बोलतच नाहीये," ते म्हणाले. "हा मंडपातल्या गर्दीशी बोलतोय."

त्यांनी 'दीर्घ' काढून टाकला, मधले थांबे काढले. स्टुलावर बसून एकवीस वेळा आवाज भरला. दर वेळी मला विचारायचे, "आता?" मी म्हणायची, "अजून थोडा गोड आहे." ते मुकाट्यानं पुन्हा बसायचे. आयुष्यभर कमावलेलं एका दुपारी असं उतरवून ठेवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचं काही काम नव्हतं, तरी सकाळीच दाराशी येऊन उभे राहिले. सोजरबाई आत गेल्या. फोटो लख्ख आला. गाठ लहान होती, महिन्याभरात काढलीही. आजी अजून दर वर्षी तपासणीला येतात. पण त्या सकाळी कोणालाच काही माहीत नव्हतं. आजी पदर सावरत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "आज नीट कळलं बघ. कालचं बुवा आलं न्हाईत व्हय?"

काका शेजारीच उभे होते. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तेच म्हणाले, "नाही, आजी. ते आता यायचे नाहीत."

आणि आजींची पिशवी घेऊन ते त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले.