बोरीचा सिंथेसायझर आणि कापसाने भरलेली खोली

माधुरीचा फोन आला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. "तुझी ती डाग द्यायची कांडी घे अन् माझ्यासोबत बोरीला चाल," ती म्हणाली. "आई बाजा बंदच करून नाही राह्यली!"

माधुरी माझ्याच ऑफिसात आहे, जुनी वाद्यं दुरुस्त करायचा माझा छंद तिला ठाऊक आहे. तिचं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं बोरी अरब. तिथे तिचे बाबा, सुखदेवराव, गायन पार्टीत गातात आणि आई, कांताबाई, सिंथेसायझर वाजवतात, त्यालाच घरी बाजा म्हणतात. जपानी, ऐंशीच्या दशकातला, नागपूरच्या एका ऑर्केस्ट्राकडून जुना घेतलेला. अशा वाद्यांच्या पोटात सर्किटला डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवलेला एक छोटा सेल असतो. वाद्य बंद असताना, वाजवणाऱ्याने बनवून ठेवलेले आवाज तोच सांभाळतो. हा सेल संपत आला होता. मागच्या वेळी बाजा सुरू केला तेव्हा दोन आवाज बिघडलेले निघाले. तेव्हापासून कांताबाईंनी तो बंद करायचंच सोडलं. तेव्हा गावात लाइन, म्हणजे वीज, असायची कमी, नसायची जास्त. म्हणून शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून बाजा इन्व्हर्टरवर जागा ठेवला होता. रविवारी संध्याकाळी दारव्ह्याला कार्यक्रम होता, आणि शेजाऱ्याला ट्रॅक्टर हवा होता.

रविवारी पहाटे आम्ही नागपूरहून यवतमाळची एसटी पकडली. वर्धा, देवळी, कळंब असा रस्ता. देवळीपर्यंत झोप लागली, पुढे खड्ड्यांनी लागू दिली नाही. जाणार असाल तर उजवीकडची खिडकी धरा, सकाळचं ऊन पाठीमागून येतं आणि वेचणीला आलेली शेतं नीट दिसतात. यवतमाळच्या स्टँडवर आलुबोंडा आणि वर तर्री. स्वस्तात पोट भरतं, फक्त पांढरा कुर्ता घालून खाऊ नका. मी घातला होता. तिथून दारव्ह्याच्या गाडीत बसायचं आणि बोरीला उतरायचं.

"जयभीम, ये पोरी," म्हणत कांताबाईंनी थेट आतल्या खोलीत नेलं आणि मी दारातच थबकले. खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली! भाव पडलेला, म्हणून गावात घरोघरी कापूस असाच थांबलेला. मधोमध एक पलंग रिकामा ठेवलेला, त्यावर बाजा, त्याचे लाल दिवे चमकत होते. मी एक पट्टी दाबली. आवाज असा स्वच्छ आला की मी चकित झाले. कापसाने सगळा घुमारा पिऊन टाकला होता.

"आता हे आयक," म्हणत कांताबाईंनी एक बटण दाबलं आणि एकतारीसारखी तार झणकली, शेवटी किंचित रडल्यासारखी. "हा मी बनवला. लय वर्सं लागले. कोणतं बटन कुठं सरकवलं ते मले इचारू नोको. कानानं लावला. गेला तं गेला."

सेल काढला की हा आवाज जाणार. उपाय एकच होता: वाद्याची सगळी स्मृती कॅसेटवर उतरवून घ्यायची. मी घरातल्या टेपरेकॉर्डरची वायर जोडली आणि बटण दाबलं. कर्रर्र, टिटिटि, कर्रर्र...

"हे तं डब्यात भुंगे कोंडल्यावानी वाजून राह्यलं!" सुखदेवराव दारातून म्हणाले. "हेच गायचं का आता रात्री?"

तपासणी केली तर पडद्यावर चुकीची खूण. टेपचा आवाज कमी करून पुन्हा उतरवलं. पुन्हा चूक. कोरी कॅसेट घातली, टेपरेकॉर्डरचं हेड रुमालाने पुसलं, पुन्हा भुंगे. या वेळी जुळलं. तरी खात्रीसाठी दुसऱ्या बाजूवर आणखी एकदा उतरवलं.

"बंद करू?" मी विचारलं.

"थांब. मीच करतो," कांताबाई म्हणाल्या. स्विचवर बोट ठेवून त्यांनी डोळे मिटले. लाल दिवे विझले.

मी कांडी काढली तशा त्या ओरडल्या, "इथं नोको व माय! ठिणगी उडाली तं होळी होईन!" मग बाजा, बॅटरी, इन्व्हर्टर, सगळी वरात अंगणात, कडुनिंबाखाली. झाकण उघडलं, जुना सेल सोडवला, त्या जागी सेल सरकवायची खाचेची डबी बसवली, म्हणजे पुढच्या वेळी डाग देण्याची गरज नाही. नवा सेल आत, अधिक-उणे दोनदा पाहून. तुम्ही करणार असाल तर आधी वाद्याचा प्लग काढा आणि थोडं थांबा.

बाजा सुरू केला. आवाज सगळे ओंगळ, मिक्सर फिरल्यासारखे. माधुरीने आईचा हात धरला. मी कॅसेट लावली. भुंगे सुरू झाले, संपले. कांताबाईंनी पट्टीवर बोट टेकवलं.

तार झणकली, शेवटी किंचित रडली.

"आली व माय!" कांताबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. बाजा बंद करून पुन्हा सुरू केला, एकदा, दोनदा, पाच वेळा, नुसत्या आनंदाने. सुखदेवरावांनी तिथेच तान घेतली. शेजारी बॅटरी न्यायला आले, ते कट्ट्यावर बसूनच राहिले.

जेवायला भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा. ताटावर कांताबाईंनी विचारलं, "तू काय वाजवतं?"

"मी नाही वाजवत. घरी तीन जुने आहेत, दुरुस्त करून ठेवलेत."

"मंग दुरुस्त कायले केले?"

आणि मी निघेपर्यंत त्यांनी मला एक सोपी चाल बसवून दिली, बोटं धरून धरून. दारव्ह्याचा कार्यक्रम ऐकायला थांबता आलं नाही, सोमवारी ऑफिस होतं. रात्री माधुरीला घरून फोन आला, तिने लगेच मला सांगितलं: एकतारीचं गाणं लोकांनी पुन्हा म्हणायला लावलं.

सहल एका दिवसाची. पाहण्यासारखी स्थळं एकही पाहिली नाहीत, आणि कुर्त्यावरचा तर्रीचा डाग गेला नाही. परवा मी घरच्या एका बाजासमोर बसले होते, तेव्हा नवरा खोलीत डोकावला. "आता काय बिघडलं याचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "वाजवून राहिले."