ह्यांची झरी

धरणाखाली गेलेल्या आपल्या खोऱ्याचा इंग्रजांच्या वेळचा नकाशा हाती आल्यापासून नागोरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. सदाशिव पेठेतल्या खोलीत ते भिंग घेऊन वाकत, उठून येरझाऱ्या घालत, पुन्हा वाकत. पणजोबांनी बांधून काढलेली ‘शंभूची झरी’ सापडली, की तिच्या काठचं घर सापडणार होतं.

“अगं, हे बघ! ‘ह्यांची झरी’. कुणाची, ते लिहायला साहेबाची शाई संपली का?”

त्यांच्या पत्नी सुशीलाबाई हसल्या. “अहो, साहेबानं तुमच्या पणजीलाच विचारलं असेल. नवऱ्याचं नाव कशी घेईल ती?”

नागोरावांनी झरीकाठच्या काळ्या ठिपक्यावर बोट टेकवलं. समोरचा चहा निवून गेला, तरी ते बोट तिथून हललं नाही.