गुणवंताभाऊंची पिवळी अंबाडी

गुणवंताभाऊंनी एकतीस वर्षं बिजली विभागात लाइनमन म्हणून काढली. पांढुर्ण्याहून तिगावकडे जाणाऱ्या लाइनवरचा कोणता खांब कधी वाकला, हे ते झोपेतही सांगतील. निवृत्त झाल्यावर सहा महिने त्यांनी घरातला एकेक पंखा उघडून पुन्हा बसवला. एकही पंखा बिघडलेला नव्हता. त्यांच्या बायको, उषावहिनी, मला सांगायच्या, "माणसाले काही काम देऊन पाह्य वं. आता मिक्सरवर नजर हाये त्यायची." मी समोरच्याच घरात राहते, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

जानेवारीत त्यांची सून नेहा हिला तिसरा महिना लागला आणि तिला डोहाळे लागले ते अंबाडीच्या भाजीचे. चिंच नको, कैरी नको, दही नको. डाळ आणि कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी दिलेली आंबट अंबाडीच हवी. आणि अंबाडी तर पावसाळ्यातली. जानेवारीत शेतात तिच्या वाळक्या काड्या उभ्या असतात. नेहाचा नवरा तुषार नागपूरला नोकरीला. त्याने तिथले सगळे बाजार पालथे घातले आणि शनिवारी पालक घेऊन आला. नेहाने पालकाकडे अशा नजरेने पाहिलं की तुषारने तो मुकाट्याने शेजारच्या गाईला घातला.

"मी लावतो," गुणवंताभाऊ म्हणाले.

"कुठं लावता?" वहिनींनी विचारलं. "आंगन सिमेंटचं. गच्चीवर वानरं."

"घरात."

आणि त्यांनी खरंच घरात लावली. मागची, जिथे पंखे उघडून बसायचे ती खोली रिकामी केली. रंगाच्या बारा रिकाम्या बादल्यांना बुडाशी भोकं पाडली, त्यात माती आणि शेणखत भरलं, वहिनींच्या सावरगावच्या बहिणीकडून बी आणलं. थंडीतला दिवस लहान. लहान दिवसात अंबाडी पानं सोडून फुलाच्या मागे लागते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून तुषारकडून झाडांसाठीचे खास लाइट मागवले, जांभळा उजेड पडणारे, आणि टायमर लावून सोळा तासांचा दिवस करून टाकला. संध्याकाळी त्या खिडकीतून गल्लीत असा जांभळा उजेड पडायचा की दारात वरात थांबल्यासारखं वाटायचं. भाऊ खूश. दर दोन तासांनी खोलीत जायचे आणि बाहेर येऊन झाडांची उंची सांगायचे, बोटांच्या मापात.

महिनाभरात झाडं गुडघ्याला आली. आणि एका सकाळी तोंडात ब्रश असतानाच भाऊ खोलीतून बाहेर आले आणि आमच्या दारात उभे राहिले.

"पिवयं पडून राह्यलं," ते फेसातून म्हणाले.

त्या दिवसापासून गल्लीत दुसरा विषय नव्हता. वहिनी म्हणाल्या, पाणी जास्त होते. भाऊंनी दोन दिवस पाणी तोडलं. झाडांनी माना टाकल्या, पण पिवळी ती पिवळीच. आमचे हे, मोरेश्वर, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर; ते म्हणाले, युरिया द्या. चिमूट चिमूट युरिया दिला. खालची जुनी पानं गर्द हिरवी झाली, पण शेंड्याची कोवळी पानं आणखी पिवळी. मग भाऊंनी लाइट वर घेतले, मग खाली घेतले, मग स्टुलावर बसून भिंगाने पानाची पाठ तपासली. कीड नाही, अंडी नाहीत, जाळी नाही. लाइनमन असताना ते फॉल्ट शोधायला रात्र रात्र खांब चढायचे. इथे खांब गुडघ्याएवढा आणि फॉल्ट सापडेना.

शेवटी तुषारने त्यांच्या मोबाइलवर पान ओळखणारं एक अ‍ॅप टाकून दिलं. फोटो काढा, झाड कोणतं ते सांगतं, रोगही सांगतं. अंबाडीचं पान पाच बोटांचं, कडेला दातेरी. अ‍ॅपने क्षणभर विचार केला आणि सांगितलं: गांजा, ब्याण्णव टक्के.

भाऊ हसत हसत आमच्याकडे आले. मोरेश्वर इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि ठसका थांबल्यावर त्यांनी अ‍ॅपच्या उत्तरासकट तो फोटो कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "गुणवंताभाऊंच्या घरी काय निघून राह्यलं पहा." गंमत म्हणून. पण गंमत ज्यांना माहीत नव्हती त्यांना फक्त फोटो दिसला. महिनाभर दिसणारा जांभळा उजेडही त्यांच्या लक्षात होता. मोरेश्वरांना हे कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला. तोपर्यंत फोटो पोलीस थान्यात पोचला होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी वहिनींकडे विरजण मागायला गेले होते. दारात एक तिशीचा माणूस उभा, साध्या कपड्यांत. तो होता हवालदार वीरेंद्र, चौकशीला आलेला. पण हे आम्हाला कुठे माहीत. मोरेश्वर कृषी विभागातल्या ओळखीच्या माणसाला पाठवतो म्हणाले होते, आणि भाऊंना वाटलं, हाच तो.

"झाडं पाहाची होती," वीरेंद्र म्हणाला.

"या ना जी, तुमचीच वाट पाहून राह्यलो," भाऊ म्हणाले, आणि त्याला हाताला धरून आत नेलं. असं स्वागत त्या बिचाऱ्याचं कधी झालं नसावं. तो दोनदा मागे वळून दाराकडे पाहत होता.

"किती हायेत?"

"बारा. आखीन बारा लावाचा विचार हाये."

वीरेंद्रने खिशातली वही काढली. "किती दिवस झाले?"

"पंचेचाळीस. पन माल निघाला नाही अजून."

"कोनासाठी लावली?"

"सुनेसाठी. तिले दिवस गेले ना."

वीरेंद्रचं पेन थांबलं. "सुनेले देता?"

"डायीत टाकून," वहिनी चहा घेऊन येत म्हणाल्या. "तिच्यानं बिलकुल राह्यवत नाही जी. रोज इचारते, कधी होईन."

नेहा दारातून मान डोलावत होती. वीरेंद्रने तिच्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं, चहाकडे पाहिलं आणि चहा घेतला नाही. मग तो एका झाडासमोर उकिडवा बसला. एक पान तोडलं, वास घेतला, आणि हळूच चावलं. त्याचा चेहरा एकदम आंबट झाला.

"हे तं अंबाडी हाये," तो म्हणाला.

"मंग काय हाये?" भाऊ म्हणाले.

तेव्हा त्याने ओळखपत्र दाखवलं. वहिनींनी चहाचा कप पुन्हा त्याच्यापुढे केला. नेहाला आधी हसू फुटलं, मग मला, आणि मग कोणाचंच थांबेना. वीरेंद्रने तोंडासमोर वही धरली, पण वही हलत होती. एवढ्यात त्याच्या टीआय साहेबांचा, म्हणजे थान्याच्या मुख्य अधिकाऱ्याचा, फोन आला. साहेब लांबच्या जिल्ह्यातले, अंबाडी त्यांना माहीत नव्हती.

"सर, भाजी है," वीरेंद्र म्हणाला. "नहीं सर, पक्का. खाके देखी." मग त्याने फोन कानापासून दूर धरला. साहेबांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला: "तूने खा ली?"

फोन ठेवल्यावर वीरेंद्र चहा प्यायला आणि जायच्या ऐवजी पुन्हा झाडासमोर बसला. तो रामाकोना गावचा, तिथे वडिलांची संत्र्याची बाग. त्याने शेंड्याचं पान उजेडासमोर धरलं.

"काकाजी, शिरा पाहा. हिरव्या हायेत. शिरांमंधली जागा पिवयी. आन् फक्त नवीन पानं. जुनी चांगली. आमच्या संत्र्यावर हेच येते. लोहाची कमी."

"पन माती तं मी चांगली भरली," भाऊ म्हणाले.

"मातीत असंन लोह. झाडाले भेटून नाही राह्यलं. पानी कोनतं देता?"

"बोरचं."

वीरेंद्रने बादलीच्या कडेवरचा पांढरा थर नखाने खरवडला. "खारं पानी. आखीन काय टाकता?"

"काहीच नाही," भाऊ ठामपणे म्हणाले.

वहिनी पदराशी चाळा करत होत्या. "राख," त्या म्हणाल्या. "मुंग्या होऊ नये म्हनून. रोज सकायी बंबातली मूठ मूठ."

"राख आन् खारं पानी, दोन्ही मातीतलं लोह अडवून धरते," वीरेंद्र म्हणाला. भाऊ बायकोकडे वळले. पंधरा दिवस भिंग घेऊन शोधलेला फॉल्ट रोज सकाळी त्यांच्याआधी खोलीत येऊन जात होता. मला वाटलं, आता चिडतील. पण ते भिंतीला टेकले आणि पोट धरून हसत सुटले.

राख बंद झाली, वरची माती खरवडून काढली, पाणी पिण्याच्या फिल्टरमधलं द्यायला लागले. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना वीरेंद्रने वडिलांच्या बागेतून झाडांना द्यायच्या लोहाची एक पुडी आणून दिली आणि फवारायचं माप समजावलं. नवव्या दिवशी पहिलं हिरवं पान फुटलं. भाऊंनी ते बघायला अख्खी गल्ली खोलीत बोलावली. आम्ही पाच-पाच जण आळीपाळीने आत गेलो. मोरेश्वरांनी ग्रुपवर माफी लिहिली, लांबलचक, शुद्धलेखनासकट.

मार्चच्या मध्यात भाजी झाली. नेहाने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि वाटी कोणाला मागता येणार नाही अशी मांडीत धरली. वीरेंद्रलाही जेवायला बोलावलं होतं. त्याला मिळाली ती पातेल्याला लागलेली, आणि त्याने तीही पुसून खाल्ली.

आता लोक भाऊंकडे पिवळी पानं घेऊन येतात. परवा पलीकडच्या गल्लीतल्या सुचिता मॅडम कढीपत्त्याची फांदी घेऊन आल्या आणि काय फवारू म्हणून विचारू लागल्या. भाऊंनी फांदी पाहिलीच नाही. चपला घातल्या, त्यांच्या घरी गेले, कुंडीत बोट खुपसलं. बोट पेरभर चिखलात गेलं.

"चार दिवस कुंडीले हात लावू नका," ते म्हणाले. "आन् आधी सांगा, तुमच्या घरी कोन कोन पानी देते."

मॅडमनी घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावलं.