वडिलांदेखत

हौशीराम यांनी आळेफाट्यावर हयातभर टायर-पंक्चरचं दुकान चालवलं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकान मुलाच्या, सूरजच्या हाती देऊन ते आळे गावातल्या घरी तान्ह्या नातीला, समृद्धीला सांभाळू लागले. सून नूतन ओतूरच्या एका दवाखान्यात नर्स आहे. ती ड्यूटीवर गेली, की समृद्धीचं दूध, दुपटी, झोप सगळं हौशीरामांकडे, घरातल्यांच्या आबांकडे.

एका संध्याकाळी पाळण्यात नुसती चुळबुळ झाली आणि गोठ्यातले आबा लंगडत का होईना, धावत आत आले.

"आमच्या वेळंला बहिरे व्हता का काय, आबा?" सूरज हसत म्हणाला.

"बाप्याला कळत नसतंय रं. ती माया बायांच्या अंगातच असती."

नूतन मेथी निवडत होती. "असं काय न्हाई, आबा. लेकरू रोज अंगावर घेतलं, की बाप्याच्याबी मेंदूत फरक पडतो. रडणं लगेच कानात शिरतं. आमाला शिकवलंय तसं."

"म्हंजी आबांना मेंदू आत्ता आलाय!" सूरजने टोला हाणला.

सगळे हसले. हौशीरामही हसले. पण बाप्याला कळत नसतं, हे इतकी वर्षं स्वतःला दिलेलं उत्तर तेवढ्यात निकामी झालं होतं. सूरज लहान असताना एकदा उंबऱ्यावर आपटला, कपाळ फुटलं. हौशीराम समोरच जेवत होते. छातीत कळ आली, हात ताटावरून उठलासुद्धा. पण शेजारी वडील बसले होते आणि वडिलांदेखत स्वतःचं पोर उचलायचं नाही, हा घरचा रिवाज. हात पुन्हा भाकरीवर गेला. म्हणजे कळलं नव्हतं असं नाही. अंगानं सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नव्हतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते लवकर परतले. ओसरीवर सूरज पोरीला छातीशी धरून तिच्याशी काहीबाही बोलत होता. बापाची चाहूल लागताच त्याने तिला चटकन सतरंजीवर ठेवलं आणि मोबाइल काढला. असं कर, म्हणून त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. पोर रडायला लागली.

"उचल तिला," हौशीराम म्हणाले.

"तुमीच घ्या की. तुमच्याकडं गप ऱ्हाती."

"म्हणूनच घेत न्हाई. तू घे. माझ्यासमोर घे."

सूरजने तिला अवघडून उचललं. ती गप्प झाली नाही. आबांकडेच झेपावत राहिली. आत निघून जाणं सोपं होतं. हौशीराम भिंतीला टेकून तिथेच बसले.