एका पेटीतले तीन चापडे

ती फळी मी काढली. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण नंतर केंद्रातले काही जण "कोणी काढली, कोणी काढली" म्हणून इकडेतिकडे बघू लागले, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर इकडेतिकडेच बघत होतो.

दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या संपून रान सुरू होतं तिथे वनखात्याच्या परवानगीने चालणारं एक लहानसं सर्पकेंद्र आहे. त्याच्या भिंतीवर 'चापडा कसा ओळखावा' असं मोठं चित्र काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. म्हसळ्याच्या शाळेत तीस वर्षं मुलांकडून दोन डोंगर, मधला सूर्य आणि सूर्याखालची नदी काढून घेतलेल्या निवृत्त चित्रकला मास्तराला साप मिळणं म्हणजे बढतीच.

चापडा म्हणजे झाडावर राहणारा हिरवा विषारी साप. डोकं त्रिकोणी, मान बारीक, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा. त्या खळग्याला म्हणे समोरच्या उंदराची ऊब कळते. याच्या विषावर खास औषध अजून नाही, म्हणून केंद्राच्या डॉ. रुचिका तीन चापडे पाळून त्यांच्या विषाचा अभ्यास करतात. तिघं एकाच उंच पेटीत. समोर काच, बाजूला जाळी, आत बांबू, फांद्या आणि कुंडीतली झाडं. पेटीच्या माथ्यावर दोन फटी आहेत. जेवणाच्या दिवशी त्या फटींतून दोन फळ्या खाली सरकवायच्या, की एका घराच्या तीन खोल्या होतात. जेवण दहा दिवसांतून एकदा.

त्या दिवशी जेवण होतं आणि फळ्या लावलेल्या होत्या. मला मात्र तिघं एका चौकटीत हवे होते. पाच मिनिटांसाठी म्हणून मी एक फळी वर ओढून काढली, भिंतीला टेकवली, आणि तेवढ्यात चहा आला. चहा आला की माझ्या हातून पुढचं काम राहतंच. शाळेतही हीच तक्रार होती.

साप सांभाळणाऱ्या नीराबाई लांब चिमट्यात उंदीर धरून आल्या. पानं दाट असल्यामुळे फळी नाही हे त्यांना दिसलं नाही. त्यांनी बाजूच्या झडपेतून बोंबीलला उंदीर दिला. बोंबील हा त्या तिघांतला लुकडा नर. त्याने उंदीर डोक्याकडून धरला. शेजारच्या फांदीवर नाकावर जुना व्रण असलेली नकटी बसली होती. तिने तोच उंदीर शेपटीकडून धरला. दोघंही शांतपणे गिळू लागले. दोन टोकांकडून दोघं उंदराच्या मध्याकडे निघाले होते, म्हणजे खरं तर एकमेकांकडे. मी कप हातात घेऊन पाहत राहिलो. मला वाटलं, किती हा समंजसपणा.

नीराबाईंना तसं वाटलं नाही. त्या लांब दांड्याची कात्री घेऊन आल्या. दोन जबड्यांमध्ये बोटभर उंदीर उरला होता, तो त्यांनी झडपेतून मधोमध कापला. दोघांनी आपापला अर्धा गिळला. कोणाचीच तक्रार नव्हती. मग त्यांनी भिंतीला टेकलेली फळी पाहिली, माझ्या हातातला कप पाहिला, आणि शेवटी मला.

"मास्तर, बाजारातनं चिंबोऱ्या आणता का कधी?"

"आणतो की, खेकडे आवडतात मला."

"त्यांच्या नांग्या का बांधतात?"

"आपल्याला चावू नयेत म्हणून."

"तुमच्यासाठी कोण बांधतंय? येकमेकींच्या तोडतात म्हणून बांधतात. यांना नांग्या न्हाईत, म्हणून फळी."

नीराबाई भरडखोलच्या कोळीण. चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन दिवेआगरच्या वाड्यांतून मासळी विकली. दोन हजार वीसच्या वादळात नवऱ्याची, म्हणजे सदाभाऊंची, होडी फुटली. त्याच वादळात वाड्या आडव्या झाल्या आणि झाडांवरचे चापडे लोकांच्या पडवीत आले. लोकांनी फोन केले, केंद्राने साप आणले, आणि पेट्या धुवायला बाई हवी झाली. पहिली बाई दुपारीच गेली. दुसरी दुसऱ्या दिवशी आलीच नाही. नीराबाईंना डॉक्टरबाईंनी पेटीसमोर उभं करून धीर दिला, घाबरू नका म्हणाल्या. नीराबाईंनी पेटीला नाक लावलं आणि विचारलं, "वास येतो का यांना?"

"नाही फारसा."

"मंग भ्यायचं कशाला?"

पेट्या धुता धुता त्या साप सांभाळायला शिकल्या. शिकल्या म्हणजे काय, डॉक्टरबाई पुस्तकातून जे सांगत ते त्यांनी आपल्या पाटीत बसवून घेतलं. सारख्या लांबीचेच साप एकत्र ठेवायचे, असं पुस्तक म्हणतं. नीराबाई म्हणतात, "एका पाटीत एका मापाचा माल." नवीन आलेला साप दोन महिने वेगळ्या खोलीत ठेवायचा, आजार पसरू नये म्हणून. "बाहेरची पाटी आपल्या पाटीत लगेच ओतायची न्हाय." फक्त बसायच्या जागांचं गणित त्यांचं स्वतःचं आहे. तीन सापांना पाच जागा. "दोन रिकाम्या पायजेत. बाजारात बगा, बाई भांडली की उठून दुसरीकडं बसते. जागाच नसली तर करील काय?"

हातात मात्र त्यांनी साप कधीच धरला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "हातात धरायची वस्तू हाय का ती?" साप उचलायचा आकडा, चिमटा, आणि पेटीचं मोठं दार उघडायचं तर शेजारी दुसरं माणूस. वर्षानुवर्षं त्यांचा हाच नियम आहे, त्यात गंमत म्हणूनही फरक नाही.

माझं कुतूहल वेगळं होतं. मी सात दिवस त्या काचेसमोर बसलो. पहिले तीन दिवस बोंबील जिवंत आहे की नाही याचीच मला चिंता होती. चौथ्या दिवशी त्याने मान दोन इंच वळवली. मी हाक मारून डॉक्टरबाईंना सांगितलं, तर त्यांनी ते खरंच वहीत लिहून घेतलं. सकाळी नीराबाई पंपाने पाणी फवारत, तेव्हा हे तिघं स्वतःच्या अंगावर साचलेले थेंब पीत. कित्येकदा मधल्या जाड बांबूवर तिघं एकमेकांवर वेटोळी टाकून बसत, आणि मला वाटे, रक्ताचं नातं नसताना हा केवढा जिव्हाळा.

"नीराबाई, हे एकमेकांना ओळखत असतील का हो?"

"त्यांना इचारा."

"पण बाकीच्या जागा सोडून तिघं एकाच बांबूवर का बसतात?"

"तो बांबू गार हाय."

तिसरी होती थोरली. नकटीएवढीच लांब, पण अंगाने दणकट. ती गेल्या नोव्हेंबरात एका वाडीतल्या पाण्याच्या टाकीवरून आली होती आणि फेब्रुवारीपासून तिने उंदराला तोंड लावलं नव्हतं. मे उजाडला. डॉक्टरबाईंच्या वहीत तिच्या नावापुढे 'खाल्लं नाही' हेच शब्द खाली खाली उतरत गेले होते. नीराबाईंचं म्हणणं एकच: ती पोटुशी आहे, तिला हलवू नका. चापडे अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, हे मला तेव्हाच कळलं.

"असेलही पोटुशी," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण तोंडाचा आजार असला तरी साप असाच उपाशी राहतो. आत बघायचं यंत्र आपल्याकडे नाही. मी खात्री कशी देऊ?"

नीराबाई भांड्यावर घासणी जोरात फिरवू लागल्या. दोन वर्षांपूर्वी अशीच एक मादी तपासायला जीपमधून मोठ्या केंद्रात पाठवली होती. सहा तासांचा घाट. वाटेतच ती व्याली. पिल्लू एकही जगलं नाही आणि चौथ्या दिवशी तीही गेली. तिची रिकामी पेटी परत आली, ती नीराबाईंनीच धुतली होती.

अशा वेळी मी ती फळी काढली. डॉक्टरबाई प्रामाणिक, त्यांनी सगळा प्रकार वहीत लिहिला. माझं नाव टाळून 'एका पाहुण्याकडून' असं लिहिलं, पण महिनाभरात केंद्रात पाहुणा मी एकटाच होतो.

सोमवारी वनखात्याचे साहेब तपासणीला आले. मध्यम वयाचे, पोट सुटलेले, बोलायला गोड. त्यांनी वही वाचली आणि गोडपणेच सांगितलं, "विषारी जनावरं एकत्र ठेवायची म्हणजे हे व्हायचंच. तिघांना तीन पेट्या करा. आणि ही जी खात नाही, ती शुक्रवारी मोठ्या केंद्रात पाठवा."

डॉक्टरबाईंनी थोरली पोटुशी असण्याची शक्यता सांगितली. साहेब म्हणाले, "मग तिथे कळेलच की."

नीराबाई हात पुसत पुढे आल्या. "सायेब, तुमी मासळी खाता?"

"खातो तर."

"गाबोळी आवडते?"

साहेबांचा चेहरा उजळला. माशाच्या पोटातली अंडी, रवा लावून तळलेली, म्हणजे सरकारी कामकाजात सहसा न निघणारा विषय. "वा. आवडते म्हणजे काय."

"मंग बाजारात गाबोळीचा मासा कसा वळखता?"

"पोट दाबून."

"हिचं दाबता?"

साहेबांनी पेटीकडे पाहिलं आणि हात मागे बांधले.

"आमी कोळणी दाबू देत न्हाय कुणाला," नीराबाई म्हणाल्या. "माल खराब होतो. नजरेनं बगायचं. नुसती खाऊन फुगलेली मासळी पुढनं मधोमध फुगते. गाबोळीची मागनं भरते, आन् दोनी अंगानं सारखी. इकडनं बगा, शेपटीकडनं. बसा खाली."

साहेब खाली बसले. नीराबाई त्यांच्याशी गिऱ्हाइकाशी बोलावं तशा बोलत होत्या, आणि साहेबही गिऱ्हाइकासारखे मान तिरकी करून बघत होते. थोरलीचा मागचा भाग खरोखरच भरलेला दिसत होता. साहेब "हं" म्हणाले. बरं चाललं होतं. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या माझ्या चित्राकडे गेली.

"पण हे चित्र याच सापाचं ना? यात तर ती सडपातळ आहे. हे कधी काढलं?"

"काल रंगवून झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि तिघंही माझ्याकडे वळले.

आता काय सांगणार? थोरली मला जरा बेढब वाटली होती. हिरव्या पानांतून कशी लवलवती, नाजूक रेषा जायला हवी. ती काही केल्या जाईना, तेव्हा मी मनाने तिला बारीक केली. तीस वर्षं मी मुलांना 'समोर दिसतं तेच काढा' म्हणून ओरडलो होतो. साहेबांसमोर उभा राहून मी म्हटलं, "साहेब, ती जाडच आहे. मी सुधारली."

"सुधारली?"

"चित्र चांगलं दिसावं म्हणून. आणि फळीही मीच काढली होती. एकत्र ठेवल्यामुळे काही झालं नाही, माझ्यामुळे झालं."

साहेबांनी माझ्याकडे, मग चित्राकडे, मग पेटीकडे पाहिलं. "आठ दिवस देतो," शेवटी म्हणाले. "पुढच्या सोमवारपर्यंत काही नाही झालं तर पाठवायची. तोवर या मास्तरांना पेटीपासून चार हात लांब ठेवा."

ते आठ दिवस नीराबाई काहीच वेगळं करत नव्हत्या, आणि तेच बघण्यासारखं होतं. फवारा नेहमीच्या वेळी. पाणी नेहमीइतकं. थोरली सकाळच्या उन्हाचा कवडसा येतो त्या वरच्या फांदीवर जाऊन बसायची. नकटी आणि बोंबील खाली गार बांबूवरच. मी चार हात लांबून चित्रातल्या थोरलीला पुन्हा जाड करत होतो. रविवारी नीराबाईंची सुट्टी. त्या आल्या. विचारलं तर म्हणाल्या, "इकडनंच चालले व्हते." भरडखोलहून कुठेही जाताना हे केंद्र वाटेत लागत नाही. तिथून उठून त्या तडक परत भरडखोललाच गेल्या.

सोमवारी सकाळी मी पोचलो तेव्हा डॉक्टरबाई आणि नीराबाई काचेला चिकटून उभ्या होत्या. पानापानावर पेन्सिलीच्या जाडीचे हिरवे दोरे पडले होते. बोटभर शेपट्या, आणि तांदळाएवढ्या जागेत दोन दोन डोळे. डॉक्टरबाईंनी तीनदा मोजले आणि तीनदा वेगळा आकडा आला. नीराबाईंनी एकदाच मोजले: अकरा. एक पिल्लू हलत नव्हतं, दहा हलत होती. थोरली वरच्या फांदीवर तशीच, फक्त निम्मी झाली होती. माझ्या पहिल्या चित्रासारखी.

साहेब दुपारी आले आणि पुन्हा शेपटीच्या बाजूने खाली बसले. या वेळी त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पिल्लांना जन्मापासूनच विष असतं, म्हणून चिमट्याने एकेक उचलून ती वेगळ्या डब्यांत ठेवली, आणि चार दिवसांनी डॉक्टरबाईंनी नाल्याकाठच्या बांबूंत सोडली. नीराबाई डबे घेऊन बरोबर गेल्या, झाकणं मोजून परत आल्या. थोरलीने त्याच आठवड्यात उंदीर खाल्ला, फळी लावून. मग खात्याचं पत्र आलं: तिघं एकत्र राहण्यास हरकत नाही, मात्र फळ्यांना कुलूप असावं आणि चावी नीराबाईंकडे असावी.

ते पत्र डॉक्टरबाईंनी मोठ्याने वाचलं. नीराबाई फवाऱ्याचा पंप भरत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. पण पाणी पंपाच्या गळ्यापर्यंत येऊन जमिनीवर सांडलं तरी त्यांनी नळ बंद केला नव्हता. मी पाहिलं, त्यांनी पदराने तोंड पुसलं, आणि मला राहवलं नाही.

"नीराबाई, खरं सांगा. थोरलीला नेलं असतं, तिघांना तोडलं असतं, तर तुम्हाला फार लागलं असतं ना?"

"तीन पेट्या कोण धुणार व्हतं, मास्तर?"